वही आणि वही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उर्दूच्या तासाला मी सहावीच्या मुलांना गारे-हिराची हकीकत सांगत होते. हजरत जिब्रील वही घेऊन आले, इथपर्यंत आले आणि घंटा वाजली. पुढचा तास मराठीचा, तोही माझ्याकडेच. मी म्हणाले, "चला, वह्या काढा." पुढच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि अगदी गंभीरपणे त्याने विचारले, "टीचर, जिब्रील अलैहिस्सलाम जो वही लाए थे, वो कितने पन्नों की थी?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि त्याला खाली बसवले. उर्दूतली वही म्हणजे अल्लाहने पैगंबरांकडे पाठवलेला संदेश. मूळ अरबी शब्द 'वह्य'. मराठीतली वही म्हणजे शंभर पानी, दोनशे पानी, दुरेघी नाही तर चौकटीची. दोन्ही शब्दांचे एकमेकांशी काही नाते नाही, कानाला तेवढे ते सारखे लागतात. पण त्या मुलाचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. साहित्याच्या बाबतीत आपण मोठी माणसेही हाच घोटाळा करतो, असे मला हळूहळू वाटू लागले. एखाद्या थोर कवीने वहीत लिहून, खोडून, पुन्हा लिहून जे मिळवले, त्याला आपण सरळ आकाशातून उतरलेली वही समजतो.

मुशायऱ्यात सूत्रसंचालक शायराची ओळख करून देताना 'खुदादाद सलाहियत' म्हणतो. मराठी संमेलनात अध्यक्ष 'दैवी प्रतिभेचे लेणे' म्हणतात. नव्या कवितासंग्रहांच्या परीक्षणांतही शेवटच्या परिच्छेदात 'ही ईश्वरी देणगी त्यांनी जपावी' हे वाक्य बहुधा सापडते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. मग यात बिघडले काय, असे कोणी विचारील. काय बिघडते, ते मला माझ्याच एका चुकीतून कळले, म्हणून आधी ती सांगते.

नोकरीला लागून मला तिसरे वर्ष चालू होते. आठवीतल्या एका मुलीने गणिताची वही माझ्यापुढे ठेवली. उदाहरणे दाखवायला आणली असेल असे मला वाटले. पण तिने वही उलटी केली. मागच्या पानांवर उर्दूत दोन-दोन ओळी लिहिलेल्या होत्या, शेराच्या धर्तीवर. "टीचर, जरा देखिए ना." मी चार-पाच शेर वाचले. कुठे काफिया जुळत होता, कुठे नव्हता. मिसरे लहानमोठे होते. एका शेरात मात्र काहीतरी होते: पावसात भिजलेल्या हातगाडीबद्दलचा तो शेर होता, आणि तिचे वडील हातगाडीवर फळे विकत. मी वही मिटली आणि प्रेमाने म्हणाले, "बेटा, शायरी अल्लाह की देन होती है. सीखने से नहीं आती. तू पढाई पर ध्यान दे."

तिने मान हलवली आणि वही घेऊन गेली. पुन्हा तिने ती मला दाखवली नाही. पुढे ती दहावी झाली, तिचे लग्न झाले. एका कार्यात ती भेटली तेव्हा सहज विचारले, अजून लिहितेस का? ती हसून म्हणाली, "नहीं टीचर. आपने कहा था ना, देन होती है. मुझे नहीं मिली होगी."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागले. त्या दिवशी मी जे बोलले त्याचा खरा अर्थ मला घरी आल्यावर कळला. मला तेव्हा अरूज येत नव्हते. बी.एड.ला पाठाचे टाचण कसे काढायचे हे शिकवले होते, मिसरा वजनात आहे की नाही हे कसे पाहायचे ते नव्हते. त्या मुलीचा मिसरा कुठे अडखळतो, हे मला दाखवता आले नसते. माझे अज्ञान झाकायला मी अल्लाहचे नाव पुढे केले. थोरपण वरून येते की नाही, हा प्रश्न माझ्यासाठी म्हणूनच नुसता तात्त्विक चर्चेचा राहिलेला नाही.

१

उर्दूच्या जुन्या उस्तादांनी या विषयाला दोन नेमके शब्द दिले आहेत: आमद आणि आवुर्द. दोन्ही फारसी. आमद म्हणजे येणे, आवुर्द म्हणजे आणणे. जो शेर आपोआप सुचला तो आमदचा, जो विचार करून, घडवून आणला तो आवुर्दचा. बैठकीत एखादा शेर आवडला की 'क्या आमद है' म्हणतात. पाडायचा असेल तर 'आवुर्द है' म्हटले की झाले.

या समजाला पहिला मोठा धक्का दिला तो मौलाना अल्ताफ हुसैन हाली यांनी. हाली (१८३७–१९१४) पानिपतचे, गालिबचे शागीर्द. १८९३ साली त्यांनी आपल्या दिवाणाला जी प्रस्तावना जोडली ती 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' या नावाने उर्दू समीक्षेचा पायाच ठरली. आमदची बाजू घेणारे लोक द्राक्षाचा दाखला देत: आपोआप ठिबकलेला रस पिळून काढलेल्या रसापेक्षा गोड असतो. हालींनी तोच दाखला त्यांच्यावर उलटवला. ते विचारतात, आपोआप ठिबकणारा रस कोणत्या द्राक्षाचा? जे वेलीवर पुरते पिकले त्याचा. म्हणजे त्याला पिळलेल्या कच्च्या द्राक्षाच्या रसापेक्षा जास्तच वेळ लागलेला असतो. आपल्याला शेवटचा थेंब तेवढा दिसतो, आधीचे दिवस दिसत नाहीत. पुढे ते रोमन कवी व्हर्जिलचे उदाहरण देतात. तो सकाळी ओळी सांगून लिहवून घेई आणि मग दिवसभर त्यांवर काम करी. अस्वलीण जशी आपल्या पिलांना चाटून चाटून रूपाला आणते, तसे तो आपल्या ओळींना आणी. इटालियन कवी आरिओस्तोबद्दलही ते सांगतात, की त्याच्या ज्या ओळी सर्वांत सहज वाटतात त्याच हस्तलिखितात पुन्हा पुन्हा बदललेल्या आहेत.

पण हे सगळे सांगणारे हाली एका जागी मागे सरतात, आणि तिथे मला त्यांच्याशी भांडावेसे वाटते. शायराला तीन गोष्टी लागतात, असे ते म्हणतात: तखय्युल म्हणजे कल्पनाशक्ती, कायनातचा म्हणजे जगाचा मुताला, आणि शब्दांचा शोध. यांतल्या दोन मिळवता येतात. पहिली मात्र माणूस आईच्या पोटातून घेऊन येतो. ती नसेल तर बाकीचे सगळे असूनही तो शायर म्हणवून घ्यायला लायक नाही, असा त्यांचा निवाडा आहे.

मराठी वाचकाला ही तीन अंगे ओळखीची वाटतील. अकराव्या शतकातल्या काश्मिरी मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त जवळजवळ हीच सांगितली आहेत: शक्ती, लोक-शास्त्र-काव्य पाहून आलेली निपुणता, आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास. मात्र मम्मटाने एक बारकावा राखला, जो हालींच्या हातून निसटला. ही तीन वेगवेगळी कारणे नाहीत, तिन्ही मिळून एकच कारण होते, असे तो म्हणतो. म्हणजे शक्ती तेवढी वेगळी काढून तिच्यावर आधी शिक्का मारता येत नाही.

माझा आक्षेप शिक्षिकेचा आहे. तखय्युल जन्मजात असते असे क्षणभर मान्य करू. पण अमक्या मुलात ते आहे आणि तमक्यात नाही, हे ओळखायचे कसे? त्याने काही लिहिल्याशिवाय कळणार नाही. चांगले लिहायला त्याला वाचन लागेल, शब्द लागतील, चुका दाखवणारे कोणी लागेल. म्हणजे पहिली गोष्ट आहे की नाही हे बाकीच्या दोन दिल्यानंतरच कळते. ज्याला काहीच दिले नाही, त्याच्यात देणगी नव्हती असे म्हणणे म्हणजे बी न पेरता जमिनीला नापीक ठरवणे आहे. मी त्या मुलीच्या बाबतीत नेमके हेच केले.

२

आता गालिब. दैवी प्रेरणेचा विषय निघाला की उर्दूवाले हमखास गालिबचा एक मक्ता म्हणून दाखवतात. त्यात आपले विषय गैबमधून, म्हणजे अदृश्यातून येतात असे त्याने म्हटले आहे, आणि लेखणीच्या आवाजाचे नाते फरिश्त्याशी जोडले आहे. तो शेर वाचकांना ठाऊक असेलच, म्हणून इथे देत नाही. पण तो म्हणताना एक गोष्ट आपण विसरतो. गालिबला फरिश्ता ऐकू येतो तो लेखणीच्या कुरकुरीत. लेखणी कलमदानात पडून असेल तर कुरकुर होत नाही. ती कागदावर चालली तरच होते. शेर आपला पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांनी निदान एवढे तरी पाहावे, की त्यातला फरिश्ताही लिहिणाऱ्याकडेच येतो.

आणि गालिब प्रत्यक्षात कसा लिहीत असे? हालींनी १८९७ साली 'यादगार-ए-गालिब' लिहिले. त्यात ते सांगतात, की मिर्झा बहुधा रात्री, जरा तरंगात असताना शेराची फिक्र करीत. एक शेर पुरा झाला की कमरबंदाला एक गाठ मारीत. अशा आठ-आठ, दहा-दहा गाठी मारून झोपत. सकाळी उठून एकेक गाठ सोडीत, एकेक शेर आठवीत आणि लिहून काढीत.

ही हकीकत लोक मिर्झांच्या स्मरणशक्तीची गंमत म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. एक तर 'फिक्र' हा शब्द पाहा. उर्दूत शायर शेराची वाट पाहत नाही, शेराची फिक्र करतो. फिक्र म्हणजे विचार, आणि फिक्र म्हणजे काळजीही. दुसरे म्हणजे ती गाठ. जे सुचले ते पुन्हा आपोआप सुचेल अशा भरवशावर हा माणूस झोपत नाही. रात्री आलेल्याला सकाळी तपासायचे आहे, हे त्याला माहीत आहे. रात्रीच्या तरंगाला आमद म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. सकाळी गाठी सोडणे ही आवुर्दच आहे.

त्याहून मोठा पुरावा गालिबच्या दिवाणाचा आहे. त्याचा उर्दू दिवाण पहिल्यांदा १८४१ साली दिल्लीत छापला गेला. एवढ्या मोठ्या शायराचा दिवाण मानाने लहान, हातात सहज मावेल असा. पुढे भोपाळच्या ग्रंथसंग्रहात १८२१ सालचे एक हस्तलिखित सापडले आणि १९२१ साली ते 'नुस्खा-ए-हमीदिया' या नावाने प्रसिद्ध झाले. त्यातून कळले, की पंचविशीच्या आतच गालिबने पुष्कळ लिहून ठेवले होते आणि छापताना त्यातले कितीतरी शेर काढून टाकले होते. काही ठिकाणी मिसरे बदललेले दिसतात. १९५८ साली इम्तियाज अली अर्शी यांनी त्याच्या कवितेची कालानुक्रमे मांडणी केली, तेव्हा हा प्रवास कोणालाही ताडून पाहता येईल असा झाला.

गालिबने स्वतः एका पत्रात म्हटले आहे, की पंधरा ते पंचवीस या वयात आपण काल्पनिक विषयांवर लिहीत राहिलो, मोठा दिवाण जमला, आणि समज आली तेव्हा तो दूर केला. पाने फाडून टाकली, नमुन्यादाखल दहा-पंधरा शेर ठेवले. हस्तलिखित सांगते की ठेवलेले शेर दहा-पंधरापेक्षा बरेच जास्त आहेत. म्हणजे शायर 'गैबमधून आले' म्हणतो तेव्हा आणि 'सगळे फाडले' म्हणतो तेव्हाही, थोडा रंग चढवतोच. समीक्षकाने त्याच्या बोलण्याचा आदर करावा, पण हिशेब कागदाशी लावावा.

हालींनी असेही नोंदवले आहे, की हे शेर काढून टाकण्यात मौलवी फज्ले-हक खैराबादी या मित्राच्या सांगण्याचा वाटा होता. मग माझा साधा प्रश्न आहे. विषय गैबमधून येत होते, तर गैबमधून आलेले एवढे शेर एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या सांगण्यावरून काढून कसे टाकले? आलेल्यातले ठेवायचे कोणते आणि टाकायचे कोणते, हे फरिश्ता सांगत नव्हता. तिथे तमीज लागली, मित्राचा कान लागला, स्वतःच्या आवडत्या ओळीवर काट मारण्याची हिंमत लागली. गालिबचे थोरपण शोधायचे तर मी ते तिथे शोधीन.

यादगारमधली आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. लहानपणी अब्दुस्समद नावाच्या इराणी विद्वानाकडे आपण फारसी शिकलो, असे गालिब सांगे. पण कधी कधी तो असेही म्हणे, की अब्दुस्समद हे नुसते बनवलेले नाव आहे. लोक मला बेउस्ताद म्हणत, त्यांचे तोंड बंद करायला मी एक उस्ताद रचला. माझा खरा उस्ताद देणारा परमेश्वरच. हालींना अब्दुस्समद खरा वाटत होता. पुढे काजी अब्दुल वदूद यांच्यासारख्या संशोधकाने तो काल्पनिक ठरवला. कोण खरे हा वाद बाजूला ठेवला तरी या गोष्टीतून त्या काळचे जग दिसते. त्या जगात 'मला देवाने शिकवले' एवढे म्हणून भागत नव्हते. 'तुझा उस्ताद कोण' हे लोक विचारीत, आणि गालिबसारख्यालाही त्याचे काही उत्तर द्यावे लागे. आज आपण कोणत्याही नव्या कवीला हा प्रश्न विचारतो का?

हाच गालिब स्वतः उस्ताद झाला तेव्हा त्याने शागिर्दांचे कलाम टपालाने मागवून दुरुस्त केले. मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना लिहिलेली त्याची पत्रे पाहावीत. शब्द का चालत नाही याची कारणे तो देतो, वाद घालतो, रागावतोही. पुढे दाग देहलवी हैदराबादेत असताना पंजाबातून एक तरुण आपल्या गझला टपालाने त्यांच्याकडे पाठवू लागला. तो तरुण म्हणजे इकबाल. दागने थोड्याच दिवसांत कळवले की आता दुरुस्तीला फार जागा उरलेली नाही. 'बांग-ए-दरा'च्या (१९२४) प्रस्तावनेत शेख अब्दुल कादिर यांनी लिहिले आहे, की इकबालना शेर सुचू लागले की सुचतच जात आणि जवळ बसलेले मित्र पेन्सिलीने उतरवून घेत. आमदचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. पण त्याच 'बांग-ए-दरा'साठी इकबालनी आपल्या आधीच्या कितीतरी कविता बदलल्या, कितीतरी गाळल्या. इतकी आमद ज्याला लाभली, त्यालाही काट मारण्यातून सुटका नव्हती.

३

इथे काही वाचकांना वाटेल, की ही बाई अल्लाहच्या देणगीलाच नाकारते आहे. तसे नाही. जे काही आहे ते त्याचेच, हे मी मानते. उलट दीनच्या बाजूने पाहिले तर हा घोटाळा अधिकच चुकीचा ठरतो.

आपल्या अकीद्यात वही आणि इल्हाम यांत फरक केलेला आहे. वही पैगंबरांकडे येते आणि तो सिलसिला हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर संपला. इल्हाम, म्हणजे मनात एखादी गोष्ट टाकली जाणे, इतरांना होऊ शकतो; पण तो दुसऱ्यावर बंधनकारक पुरावा ठरत नाही, असे आलिमांनी म्हटले आहे. मक्केतले विरोधक पैगंबरांना शायर म्हणत. प्रत्येक शायराला एखादा जिन्न ओळी पुरवतो, अशी त्या काळच्या अरबांची समजूत होती. कुरआनने हा आरोप स्पष्टपणे खोडला: हे शायराचे बोलणे नव्हे आणि पैगंबरांना शायरी शिकवलेली नाही. वही आणि शायरी यांच्यामध्ये खुद्द कुरआनने जी भिंत उभी केली, ती आपण मुशायऱ्याच्या उत्साहात पाडू नये.

कोणी हजरत हस्सान बिन साबित यांचे उदाहरण देईल. पैगंबरांनी त्यांच्यासाठी रूहुल-कुदुसच्या मदतीची दुआ केली होती. खरे आहे. पण सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये पुढची गोष्टही आहे. कुरैशच्या निंदेला उत्तर द्यायला हस्सान निघाले तेव्हा पैगंबरांनी त्यांना घाई करू नका म्हणून सांगितले. कुरैशच्या वंशावळी अबू बक्र यांना सर्वांत जास्त ठाऊक आहेत, आणि माझा वंशही त्यांच्यातच आहे. म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊन नीट समजून घ्या, असे ते म्हणाले. हस्सान गेले, विचारून आले. ज्याच्यासाठी फरिश्त्याची मदत मागितली गेली त्या शायरालाही आधी जाणकाराकडे शिकायला पाठवले गेले. माझ्या मते या विषयावर याहून जास्त बोलायची गरज पडू नये.

कुरआनमध्ये मधमाशीसाठीही 'वह्य' हाच शब्द आला आहे. तिथे त्याचा अर्थ अंतःप्रेरणा असा घेतात. त्या प्रेरणेत मधमाशीला काय मिळाले? मध मिळाला नाही. डोंगरात, झाडांत घर बांध, फळाफळांवर जा, असे काम मिळाले. मध त्याच्यानंतर.

४

मराठीत हा विषय तुकोबांशिवाय पुरा होत नाही. आपली वाणी आपली नव्हे, असे त्यांनी अनेकदा म्हटले आहे. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व कर म्हणाले, हेही त्यांनीच सांगितले. पण आपली हकीकत सांगताना संतांची वचने आपण विश्वासाने पाठ केली, हे सांगायलाही ते विसरलेले नाहीत. स्वप्न आणि पाठांतर यांत त्यांना विरोध वाटला नाही. 'माझे काही नाही' हे म्हणणे त्यांच्या तोंडी नम्रता आहे. श्रेय नाकारण्यासाठी ते बोलतात, श्रम नाकारण्यासाठी नव्हे. आपण मात्र त्यातले स्वप्न तेवढे घेतो आणि पाठांतर सोडून देतो.

बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) बाबतीत तर हे फारच झाले. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, जपल्या, आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले आणि १९५२ साली संग्रह निघाला. 'निरक्षर बाईला सरस्वती प्रसन्न झाली' हे वाक्य तेव्हापासून चालू आहे. त्यांनी स्वतःही कृतज्ञतेने सरस्वतीचे नाव घेतले आहे. पण निरक्षर म्हणजे अशिक्षित नव्हे. जात्यावरची ओवी ही केवढी मोठी शाळा आहे! पहाटेच्या अंधारात आई, सासू, जाऊ यांच्या तोंडून शेकडो ओव्या कानावर पडतात, हात फिरत असताना स्वतःची ओवी त्या वजनात बसवावी लागते, बसली नाही तर दुसऱ्या बाईला लगेच कळते. आमच्या खेड्यापाड्यांतल्या मुसलमान बायाही जात्यावर मराठी ओव्या म्हणत आल्या आहेत, त्या याच शाळेत शिकल्या. बहिणाबाईंच्या थोरपणाला दैवी म्हणून मोकळे झालो, की ही बायांची शाळा नजरेआड होते. ज्यांच्याकडे पदव्या असतात त्यांच्या यशाला आपण विद्वत्ता म्हणतो. ज्यांच्याकडे नसतात त्यांच्या यशाला चमत्कार. यात गौरव कमी आणि अविश्वास जास्त आहे.

उलट बाजूने सुरेश भटांचे (१९३२–२००३) उदाहरण आहे. त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि नव्या लिहिणाऱ्यांना इस्लाहही दिला. गझल वरून येते असे त्यांना वाटले असते तर बाराखडी लिहायची गरज काय होती? मराठीत आज इतक्या ठिकाणी गझल लिहिली जाते, तिच्यामागे त्या पुस्तिकेचा मोठा हात आहे.

५

सुचण्याचा अनुभव खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. ज्याने चार ओळी लिहिल्या त्यालाही ठाऊक असते, की एखादी ओळ न बोलावता येते आणि ती कुठून आली ते सांगता येत नाही. त्या ओळीसाठी ज्याचे त्याने शुक्र अदा करावे. पण तो कवीचा आणि त्याच्या रबचा आपसातला मामला आहे. समीक्षकाच्या हातात फक्त कागद असतो. ओळ कोठून आली हे त्याला दिसत नाही. ती उभी राहते की पडते हे दिसते, आणि तेच त्याने सांगावे.

आपल्या मुस्लिम मराठी लिहिणाऱ्यांत हे विशेष जपायला हवे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पुस्तकांचे कपाट नव्हते. पहिला संग्रह स्वतःच्या पैशाने निघतो, आणि त्यावर 'दैवी देणगी'चे दोन परिच्छेद छापून येतात. लिहिणारा सुखावतो आणि तिथेच थांबतो, कारण देणगीत दुरुस्ती कसली करायची? ज्याला असे कोणी म्हणत नाही, तो आपल्याला देणगीच नाही समजून थांबतो. कौतुक एकच, आणि त्याने दोघांचेही नुकसान होते. आपल्या संमेलनांत कविसंमेलनाला रात्र दिली जाते. त्यातला एक तास इस्लाहला द्यावा: नव्यांनी वही आणावी, जुन्यांनी सर्वांसमक्ष नव्हे, बाजूला बसून ती पाहावी. उर्दूत ही परंपरा घरची आहे. मराठीत ती आणणे हे आपल्याला सहज जमण्यासारखे काम आहे.

मी स्वतः मराठी शाळेत, पुस्तकातून शिकले. ळ आणि ल, ण आणि न यांनी मला बराच काळ छळले. हा लेखही तीनदा लिहिला आहे. माझ्या मराठीला कोणी ईश्वरी देणगी म्हणाले नाही, आणि त्याबद्दल मी आभारी आहे. म्हणाले असते तर चुका सांगायला कोणी उरले नसते.

अरूज मी तिशीनंतर शिकले, एका निवृत्त शिक्षकांकडे, रविवारी सकाळी. आता एखादे मूल वहीची मागची पाने उघडून पुढे ठेवते तेव्हा मी पेन्सिल घेते. मिसऱ्याचे तुकडे पाडते, कुठे एक मात्रा जास्त झाली ते बोटाने दाखवते, आणि सांगते, हे घरून बदलून आण. काही मुले पुन्हा येत नाहीत. काही येतात. त्यांच्यात देणगी कोणाला मिळाली आहे ते मला ठाऊक नाही, आणि ते ठरवण्याचा अधिकारही माझा नाही. माझे काम वही तपासण्याचे आहे.